राणाला काय झालंय, हे कळेपर्यंत

पत्र असं आहे:

ताई, नमस्कार. आम्ही जिंतूर तालुक्यात आखाड्यावर राहतो. मी, सासूबाई आणि दहा वर्षांचं लेकरू. मालक पुण्याला कंपनीत आहेत. आमचा कुत्रा राणा, कारवानी जातीचा, चार वर्षांचा. माळेगावच्या यात्रेतून पिल्लू आणलं होतं. रेबीजची लस दरवर्षी दिलेली आहे. सोयाबीन काढणीच्या गडबडीत एके दिवशी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. मला वाटलं उन्हानं असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठेचना, नाकातून रक्त, लघवी काळ्या चहासारखी. तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं. प्लेटलेट फार कमी आहेत, पण रक्तात जंतू दिसला नाही म्हणाले. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवस उठून बसला, थोडं खाल्लं. गोळ्या संपल्या आणि आता पुन्हा ताप. डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येत नाही, परभणीला न्या. शेजाऱ्याशी आमचा बांधाचा वाद आहे. सालगडी म्हणतो, त्यानंच काहीतरी घातलं. सासूबाई म्हणतात, घरावरचं त्यानं अंगावर घेतलं. मालक म्हणतात, कुत्र्यापायी किती घालवायचे. लेकरू रोज विचारतं, राणा मरंल का? मी दोन दिवस थांबले म्हणून हे झालं का? काय करावं कळंना.

ताई,

परभणीला उद्या सकाळीच न्या. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल. तुमच्या डॉक्टरांनी सल्ला बरोबर दिलाय. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं त्यांनी केलं आणि पुढचं जिथं होतं तिकडं पाठवलं, यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात रक्ताच्या जास्त तपासण्या होऊ शकतात आणि एकाच जनावराकडे दोन-तीन अनुभवी डॉक्टर बघू शकतात. तुमच्याकडून ते जवळही आहे. लातूर-नांदेडकडच्या वाचकांना उदगीरचं महाविद्यालय जवळ पडेल.

ऊन चढायच्या आत निघा. नाकातून रक्त येतंय, म्हणून तोंड फडक्यानं घट्ट बांधू नका, त्याला श्वासाला तोंड लागेल. टेम्पोत किंवा रिक्षात खाली जाड गोधडी टाका, उचलताना पोटाखाली आणि छातीखाली असे दोघांनी मिळून हात घाला. जुने सगळे कागद घ्या. गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा घ्या, कारण कोणतं औषध किती दिवस गेलं हे तिथं पहिल्यांदा विचारतील. सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत धरता आली तर फार कामाची.

मी डॉक्टर नाही. राणाला न बघता त्याच्या रोगाचं नाव मी सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या खुणा नीट वाचल्या, आणि तिथं काय विचारायचं एवढं तुम्हाला माहीत असावं असं वाटतं.

ताप, जेवण सुटणं, नाकातून रक्त आणि प्लेटलेट कमी, हे सगळं एकत्र आलं की आपल्याकडचे डॉक्टर सर्वात आधी गोचीडतापाचा विचार करतात. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडातून एहर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो. चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप दिसतो. तोवर ते गोचीड केव्हाच गळून पडलेलं असतं, म्हणून अंगावर आज एकही गोचीड नसलं तरी हा रोग नाही असं होत नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्या तपासणीत हा जंतू पुष्कळदा सापडत नाही. म्हणजे ‘जंतू दिसला नाही’ याचा अर्थ ‘जंतू नाही’ असा धरू नका. पीसीआर (रक्तात जंतूचा अंश शोधणारी) किंवा अँटीबॉडीची (जंतूविरुद्ध शरीरानं काय तयार केलंय ते बघणारी) तपासणी करता येईल का, हे विचारा.

काळसर लघवी मला जास्त काळजीची वाटते. गोचिडातूनच येणारा बबेसिया नावाचा दुसरा जंतू लाल पेशी फोडतो, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. दोन्ही जंतू एकाच कुत्र्यात असू शकतात. एहर्लिकियाचं औषध बबेसियाला पुरत नाही, त्याला वेगळं द्यावं लागतं. काही दिवस बरं वाटून पुन्हा पडण्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण गोळ्या लवकर थांबणं. एहर्लिकियासाठी डॉक्सीसायक्लिन साधारणपणे 28 दिवस देतात, आणि कुत्रा मात्र दोन-तीन दिवसांत शेपूट हलवायला लागतो. तिथंच खूपजण गोळ्या बंद करतात. तुम्हाला पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्या कोणत्या आणि पुढं चालू ठेवायच्या होत्या का, हे त्या पाकिटांवरून परभणीत कळेल.

आणखी दोन शक्यता आहेत. उंदरांच्या लघवीनं घाण झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा नावाचा जंतू येतो, तो किडनी आणि लिव्हर धरतो. कधी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच आपल्या लाल पेशींवर आणि प्लेटलेटवर उलटते. या शेवटच्या प्रकारात सगळ्या तपासण्या करूनही मूळ कारण पुष्कळदा हाती लागत नाही, आणि तरी त्यावर उपचार असतात, काही कुत्री त्यातून उठतातही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘कारणच कळत नाही म्हणजे आता काही उपाय नाही’ असं तुमच्या पत्रात मधूनमधून डोकावतंय. डॉक्टर अनेकदा अंदाजावर औषध सुरू करतात आणि पुढच्या एक ते तीन दिवसांत कुत्रा कसा वागतो त्यावरून रोग ओळखतात. ती चालढकल नसते. म्हणूनच तुमचं घरचं लक्ष तिथं फार मोलाचं ठरेल.

आता विषाचं. तुमच्या सालगड्याला तसं वाटणं मी समजू शकते. बांधाच्या भांडणात कुत्र्याला काही घातल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात आणि त्यातल्या काही खऱ्याही असतात. पण विषाला त्याची स्वतःची चाल असते. फवारणीचं औषध पोटात गेलं तर बहुतेकदा काही मिनिटांत, काही तासांत तोंडाला फेस, लाळ, उलटी-जुलाब, अंगाला थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, असं दिसतं. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड हे विष घातलेलं भरड खाल्लं तरी काही तासांतच तळमळ सुरू होते, तोंडाला लसणासारखा वास येतो. पहिले दोन दिवस नुसतं न जेवणं आणि आठवडाभर येता-जाता ताप, हे त्यांत बसत नाही. एकच विष विचारात घ्यावं लागेल: उंदराचं असं औषध, ज्यानं रक्त गोठणं थांबतं. ते खाल्ल्यावर साधारण तीन ते पाच दिवसांनी रक्त जायला लागतं आणि नाकातूनही येतं. त्यावर व्हिटॅमिन के-1 हा चांगला उपाय आहे. म्हणून परभणीत सांगा, ‘रक्त गोठायला किती वेळ लागतो तेही बघा.’ आणि घरात, कडब्याच्या गंजीजवळ, धान्याच्या कट्ट्यांमागं तुम्हीच कधी असं औषध ठेवलं होतं का, हे सासूबाईंना आणि सालगड्याला शांतपणे विचारा. कुत्री घरच्याच औषधानं, किंवा ते खाऊन मेलेल्या उंदरानंही आजारी पडतात.

घोणस चावली तरी रक्त गोठत नाही. काढणीच्या दिवसांत ती धुऱ्यावर, काडाच्या ढिगाखाली असते. पण चावल्या जागी बहुधा मोठी सूज येते आणि सगळं तासांत घडतं. पायावर, जबड्याखाली सूज किंवा दोन बारीक खुणा दिसल्या होत्या का, ते आठवून डॉक्टरांना सांगा.

शेजाऱ्याला मात्र आज एक शब्दही बोलू नका. जनावराला विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो सिद्ध करायला डॉक्टरांचा लेखी अहवाल लागतो, उलटीचा किंवा रक्ताचा नमुना लागतो. तपासणीत विष निघालं तर कागद घेऊन ठाण्यात जा, मी स्वतः तुम्हाला जा म्हणेन. निघालं नाही आणि तुम्ही आधीच बोलून बसलात, तर राणा बरा होऊनही ते वैर राहील, आणि आखाड्यावर तुम्ही दोघी बायका आणि एक लेकरू आहात. मला राणाइतकीच त्या वैराची काळजी वाटते.

‘मी दोन दिवस थांबले म्हणून हे झालं का?’ याचं खरं उत्तर देते. थांबल्यामुळं रोग झाला नाही, तो त्याआधीच रक्तात होता. दोन दिवस आधी उपचार सुरू झाले असते तर बरं झालं असतं, हेही खरं. पण ज्या दिवशी नुसती भाकरी खाल्ली नाही, त्या दिवशी तुम्हाला दिसलं तेवढंच कोणालाही दिसलं असतं. कुत्री दुखणं लपवतात. त्यातून कारवानी मुळातच सडसडीत, बरगड्या दिसणारी, त्यामुळं चार दिवसांत उतरलेलं अंगही पटकन ध्यानात येत नाही. काढणीला माणसं लावलेली, आभाळ भरून आलेलं, अशा वेळी कुत्रा जेवला नाही म्हणून आखाड्यावरून कोणी तालुक्याला पळत नाही. तिसऱ्या दिवशी रक्त दिसताच तुम्ही काम टाकून नेलंत.

घरी असताना काय बघायचं ते सांगते, आज रात्रीपासूनच. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी असावी. बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढरी फटक, पिवळी किंवा लाल ठिपक्यांची दिसली तर सकाळची वाट बघू नका, तालुक्याच्या डॉक्टरांना रात्रीच फोन करा. तो शांत झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा, तीसच्या वर सारखी जात असेल तर तेही सांगा. ताप गुदद्वारातून मोजतात, थर्मामीटरच्या टोकाला थोडं तेल लावून, आणि तो थर्मामीटर मग त्याच्यासाठीच ठेवायचा. निरोगी कुत्र्याचा पारा साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतो, त्यामुळं आपल्या हिशेबानं ताप वाटला तरी तो ताप असेलच असं नाही. तो चावायला आला तर हे राहू द्या.

ताप उतरावा म्हणून माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काहीच नाही. प्लेटलेट इतक्या कमी असताना आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकनं पोटात रक्तस्राव सुरू होऊ शकतो, पॅरासिटामॉल लिव्हरला आणि लाल पेशींना बाधतं.

खायला मऊ भात आणि नुसतं उकडलेल्या कोंबडीचं पाणी. त्यात कांदा-लसूण अजिबात नको. कांद्यानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, आणि राणाच्या आधीच फुटत असाव्यात. आपल्याकडं मायेनं मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून घालतात, म्हणून हे सासूबाईंना आवर्जून सांगा. आडव्या पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात वाटीनं पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. डोकं उचललेलं असेल तेव्हाच, थोडं-थोडं, त्याच्या जिभेनं. उठत नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला.

गोचिडांसाठी तंबाखूचं पाणी, रॉकेल, पिकावरचं औषध हे प्रकार त्याच्या अंगावर करू नका. अशक्त कुत्रा त्यानंच जायचा. सापडलेलं गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, हातानं चिरडू नका.

एक सावधगिरी सांगणं माझं काम आहे. राणाला दरवर्षी लस आहे, खुणाही वेगळ्या आहेत, त्यामुळं रेबीजची शक्यता फार कमी आहे. तरी त्याचा जबडा लोंबायला लागला, गिळता येईना, आवाज बदलला, ओळखीच्या माणसावर धावला, तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. चावला, किंवा खरचटलेल्या जागी लाळ लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथं लस मिळते.

मालकांबद्दल. दूर राहून फोनवर हे ऐकणाऱ्या माणसाला आधी खर्चच दिसतो, कारण त्याला राणा दिसत नाही. सोयाबीनला भाव कसा मिळतोय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून त्यांच्याशी ‘तुम्हाला माया नाही’ असं भांडू नका. परभणीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: या तपासणीनं उपचारात काय फरक पडणार, सुधारणा किती दिवसांत दिसायला हवी, आणि नाही दिसली तर पुढं काय. मग संध्याकाळी मालकांना आकडा सांगा आणि दोघं मिळून ठरवा, इथवर आपण करू. घरात लेकराची फी आहे, सासूबाईंची औषधं आहेत. खर्चाला मर्यादा घालणारं घर निर्दयी नसतं. ती मर्यादा आधी ठरली नाही तर रात्री दोन वाजता, रडत, उसने पैसे मागत ठरते. सरकारी दवाखान्यात खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो, हेही त्यांना सांगा. रक्त फारच उतरलं असेल तर कुत्र्यालाही रक्त चढवतात. पहिल्यांदा चढवताना सहसा दुसऱ्या निरोगी, लस दिलेल्या, मोठ्या कुत्र्याचं चालतं. गावात कोणाकडं तसा कुत्रा असेल तर आजच विचारून ठेवा.

सासूबाई जे म्हणतात त्यावरून वाद घालू नका. राणानं चार वर्षं आखाडा राखला, त्याचं ऋण त्या त्यांच्या शब्दांत बोलून दाखवतात. खंडोबाचा अंगारा कपाळाला लावू द्या. फक्त पाण्यातून पाजू नका, आणि हे वाक्य लेकरासमोर नको. दहा वर्षांचं पोर त्यातून ‘माझ्यावरचं त्यानं घेतलं’ असं काढील आणि कोणाला सांगणारही नाही.

त्याला खरं सांगा. ‘राणा फार आजारी आहे. डॉक्टर शोधताहेत. वाचेल की नाही ते आत्ता कोणालाच माहीत नाही.’ ‘काही होत नाही त्याला’ असं म्हणू नका, उद्या काही झालं तर तुमच्या पुढच्या शब्दावर त्याचा विश्वास राहणार नाही. त्याला काम द्या. एक वही करा: वेळ, श्वास किती, पाणी प्याला का, काय खाल्लं, लघवीचा रंग, गोळी दिली का. श्वास मोजायला तो हुशार असणार. भरवणं आणि लघवी पुसणं मात्र तुमच्याकडं, आणि हात साबणानं धुणं दोघांनाही. वही परभणीला घेऊन जा आणि डॉक्टरांना ती त्यालाच वाचून दाखवू द्या, शाळा एक दिवस बुडाली तरी हरकत नाही.

आणि राणा उठलाच नाही तर? हेही लिहिते, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी ते तुमच्या मनात आहे. श्वासाला त्रास, थांबत नाही असं रक्त, वेदना, हाक मारली तरी डोळा न फिरणं, असं दिवस-दोन दिवस चाललं आणि डॉक्टरांनी ‘आता उपचार लागू पडत नाहीत’ म्हटलं, तर इंजेक्शननं शांत जाऊ देण्याबद्दल त्यांना विचारायला लाजू नका. तो विषय तुम्हालाच काढावा लागतो, डॉक्टर सहसा आपणहून काढत नाहीत. आणि राणा कारण न कळता गेला, तर पुरायच्या आधी शवविच्छेदन होईल का ते परभणीला विचारा. लवकर न्यावं लागतं, शक्य असेल तर बर्फात ठेवून. तुमच्या गोठ्यातल्या जनावरांसाठी आणि त्या बांधाच्या संशयासाठीही ते लागेल. तिथंही काही निष्पन्न झालं नाही, असं होतं. मग ‘कळलं नाही’ एवढंच लेकराला सांगा, त्यात शेजारी घालू नका, स्वतःला घालू नका.

तो वाचला, आणि मला मनापासून वाटतं वाचावा, तर गोळ्यांचे सगळे दिवस पूर्ण करा, मध्ये आणि शेवटी प्लेटलेट पुन्हा बघून घ्या. गोचिडाची मादी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, दगडांत हजारोंनी अंडी घालते. त्यामुळं राणाला एकट्याला औषध लावून भागणार नाही. त्याची बसायची जागा, गोठ्याच्या भिंती, पोती, सगळं एकाच वेळी करावं लागेल आणि काही आठवड्यांनी पुन्हा. कुत्र्याला कोणतं, गुरांना कोणतं, भिंतीला कोणतं आणि पाण्यात किती, हे परभणीतून निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दुकानदाराच्या तोंडी मापावर जाऊ नका.

तिथून आल्यावर काय म्हणाले ते कळवा. मी वाट बघते आहे.